आमच्या घरातला ‘जेआरडींचा प्लग’

आमच्या घरात एक स्पार्क प्लग आहे आणि तो जेआरडी टाटांचा आहे, असं आमचं अख्खं घराणं मानतं. इतरांकडे पणजीची नथ असते, एखादी सनद असते, निदान पितळेचा नक्षीदार डबा तरी असतो. आमच्याकडे प्लग. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला. खंडेनवमीला तो बाहेर निघतो, पक्कड-पान्यांच्या शेजारी पाटावर बसतो, हळदकुंकू लावून घेतो, आणि काका घरात नव्याने आलेल्या सुनेला किंवा जावयाला त्याची गोष्ट ऐकवतात.

गोष्ट अशी. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधला प्रवास एकट्याने विमान उडवत करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. दिशा कुठलीही चालणार होती. १९३० साली तिघे जण त्यात उतरले : मनमोहन सिंग (पंतप्रधान नव्हेत, त्याच नावाचे वैमानिक), जेआरडी टाटा आणि ॲस्पी इंजिनियर. ॲस्पी २५ एप्रिलला इंग्लंडहून निघाले, तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते. जेआरडी ३ मेला कराचीहून उलट्या दिशेने निघाले. वाटेत इजिप्तमध्ये अबूकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. ॲस्पी तिथे प्लगपायी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले, ॲस्पींनी त्यांना आपलं लाइफ जॅकेट दिलं, आणि दोघे आपापल्या दिशेने उडाले. ११ मेला ॲस्पी कराचीला उतरले आणि बक्षीस त्यांना मिळालं.

इथवरची गोष्ट सगळ्या जगाची. पुढची फक्त आमची. माझे पणजोबा, म्हणजे अण्णा, कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावर फिटर होते. ॲस्पींचं विमान उतरल्यावर त्याचं इंजिन अण्णांनी उघडलं, आणि जेआरडींनी दिलेल्या प्लगांपैकी एक मागून घेतला.

इतकी वर्षं कुणी शंका काढली नव्हती. काढायचं कारणही नव्हतं. प्लगवर कुणाचं पोट अवलंबून नव्हतं. पण माझ्या एका चुलतभावाने तो जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका माणसाला दाखवला. त्याने प्लगकडे धड पाहिलंही नाही. एवढंच विचारलं, ‘कागद काय आहेत?’ कागद काहीच नव्हते. मग ते शोधायचं काम, ग्रंथालयात आयुष्य घालवलेली एकमेव व्यक्ती म्हणून, माझ्याकडे आलं. काकांनी परवानगी दिली, पण बजावून : ‘शोध, पण उगाच शहाणपणा करून ठेवू नकोस.’

सुरुवात सगळे करतात तशी मीही वस्तूपासूनच केली. दिवसाउजेडी टेबलावर पांढरा कागद अंथरून प्लग ठेवला. मुठीत जेमतेम मावेल एवढा, हाताला अपेक्षेपेक्षा जड. खाली आटे, मध्ये पान्यासाठी षट्कोनी भाग, त्यावर आणखी एक लहान षट्कोन, आणि वर तार अडकवायचं टोक. दोन षट्कोन का, हे मला कळेना. जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे तो घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, प्लग डोळ्यांशी नेला आणि म्हणाले, ‘हा उघडतो.’ त्या काळातले विमानाचे प्लग असे दोन भागांत असत. वरचा भाग फिरवून काढायचा, आतली काजळी साफ करायची, पुन्हा बसवायचा. खराब झाला की फेकून द्यायचा, ही रीत नंतरची.

उघडायला मी मना केलं. पण त्यांनी आटे आणि टोक यांच्या मधली जागा भिंगाखाली दाखवली. तिथे चिनी मातीसारखा गुळगुळीत पांढरा भाग नव्हता. एकावर एक दाबून बसवलेल्या पातळ चकत्यांच्या कडा दिसत होत्या; किंचित सोनेरी, उजेडात चमकणाऱ्या. अभ्रक. नखाने हलकं खरवडलं असतं तर पापुद्रा निघाला असता.

या अभ्रकाने मला पहिली पक्की गोष्ट दिली. प्लगच्या मधल्या सळीतून हजारो व्होल्टचा दाब येतो. ती वीज बाजूच्या धातूत न शिरता थेट टोकाशी जाऊन ठिणगी पाडावी, म्हणून मध्ये वीजरोधक लागतो, आणि तो इंजिनाची धग सोसणारा हवा. साधी चिनी माती त्या धगीत तडकायची. म्हणून विमानांच्या प्लगात अभ्रक वापरत : सळीभोवती अभ्रकाची गुंडाळी आणि बाहेर चकत्यांची चळत. पुढे पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळू लागले, त्याची पुटं अभ्रकाला बाधू लागली, आणि १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भाजलेल्या ॲल्युमिनाचे प्लग आले. म्हणजे आमचा प्लग अभ्रकाचा असणं १९३०शी जुळत होतं. तो ॲल्युमिनाचा निघाला असता तर तपास तिथल्या तिथे संपला असता, आणि काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं. (त्या काळात जगाला चांगलं पत्री अभ्रक मुख्यतः हिंदुस्थानातून जायचं, कोडरम्याच्या बाजूच्या खाणींतून. इथून खनिज म्हणून गेलेलं अभ्रक विलायतेहून प्लग होऊन कराचीला परत आलं असेल, ही कल्पना मला त्या बक्षिसाच्या गोष्टीपेक्षाही जास्त भावली. असो.)

दुसरी गोष्ट मिस्त्रींनीच दाखवली. प्लगवर धातूचं संपूर्ण वेष्टण नव्हतं; वरचं टोक उघडं होतं. विमानात रेडिओ आल्यावर ठिणगीची खरखर त्यात शिरू नये म्हणून प्लग धातूने झाकू लागले. रेडिओ नसलेल्या विमानाला उघडा प्लग चालायचा, आणि १९३०च्या त्या छोट्या मॉथ विमानांत रेडिओ नव्हता. हेही जुळलं.

अक्षरं वाचताना मात्र हाल झाले. षट्कोनाच्या बाजूवर काहीतरी कोरलेलं होतं, पण आजीने आणि तिच्या आधी पणजीने दर वर्षी पितळेच्या पॉलिशने प्लग असा काही लखलखीत केला होता, की कडासुद्धा गोल झाल्या होत्या. शेवटी खोली अंधारी करून टॉर्च अगदी आडवा धरला आणि एकेक बाजू फिरवत फोनने फोटो काढले. वरून बघताना काहीच न दिसणाऱ्या जागी आडव्या प्रकाशात सावल्या उमटल्या : के, एल, जी. त्याखाली ‘इंग्लंड’ हा शब्द. त्याच्या बाजूला मॉडेलची अक्षरं असणार, ती पॉलिशमध्ये वाहून गेली होती. त्या पॉलिशने आणखीही एक पुरावा खाल्ला होता : टोकावरची काजळी. कुठल्या इंधनावर, किती गरम इंजिनात प्लग चालला, याचा थोडाफार अंदाज त्या पुटावरून येतो. आमच्या प्लगचं टोक समईच्या दांडीइतकं स्वच्छ होतं.

के.एल.जी. म्हणजे केनेल्म ली गिनेस. हे मोटारशर्यतीतले गाजलेले चालक. प्लग सारखे दगा देतात म्हणून त्यांनी स्वतःच ते बनवायला घेतले आणि लंडनच्या पटनी व्हेलला कारखाना काढला. त्यांचे प्लग विमानांत जात, तसे शर्यतीच्या मोटारींत आणि मोटारसायकलींतही जात. इथे मला थांबावं लागलं. प्लग योग्य काळातला होता, योग्य जातीचा होता, पण तसे प्लग जगभर हजारोंनी होते. लोक अशा वस्तूंवर भिंग रोखून महिनोन्‌महिने बसतात. मला वाटतं त्यात एक भाबडेपणा आहे. वस्तू फार तर ‘नाही’ म्हणू शकते. ‘हो’ म्हणायची ताकद तिच्यात नसते. ते माणसांनी आणि कागदांनी सांगायचं असतं.

म्हणून मग अण्णांकडे वळले.

त्यांच्याबद्दल घरात जे कागद होते ते एका चामड्याच्या पाकिटात : एक रेशनकार्ड, फाळणीनंतर बोटीने मुंबईला आल्यावरचे काही अर्ज, आणि एक टाइप केलेला इंग्रजी दाखला. दाखल्याचा माथा कसरीने खाल्ला होता. कंपनीच्या नावातली शेवटची दोन-तीन अक्षरं तेवढी उरली होती. पण मजकूर शाबूत होता : सदर इसम जून १९३१ ते मार्च १९३६ पर्यंत विमानतळावर फिटर म्हणून नोकरीस होता, वर्तणूक चांगली. आणि खाली एक ओळ, की त्याआधी त्याने बंदर रोडवरच्या मोटार गॅरेजात काम केलेलं आहे.

जून १९३१. ॲस्पी उतरले मे १९३०मध्ये.

ही तफावत पाहून मी लगेच निकाल दिला नाही. गॅरेजातला चांगला माणूस चार दिवस विमानतळावर हाताखाली घेतला असेल, ही शक्यता होती. अशा दाखल्यात फक्त पगारी नोकरी लिहिलेली असते. पण घराण्याच्या गोष्टीत अण्णा ‘तेव्हा विमानतळावर होते’ हे जे ठामपणे यायचं, ते आता ठाम राहिलं नव्हतं. शिवाय गॅरेजात के.एल.जी.चे प्लग हाताळायला विमानाची गरजच नव्हती.

मग त्या आठवड्यातली कराची शोधायला बसले. १९३०च्या मे महिन्यातली वृत्तपत्रं चाळणं हा वेगळाच अनुभव आहे. आपण विमानाची बातमी शोधत असतो, आणि पानं भरलेली असतात मिठाच्या सत्याग्रहाने. जेआरडी ३ मेला कराचीहून उडाले आणि दोनच दिवसांनी गांधीजींना अटक झाली. ॲस्पी कराचीत उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. देश पेटलेला असताना कुणी कुठल्या दिशेने किती वेगात उडालं, याची बातमी कोपऱ्यात जाणारच.

त्या कोपऱ्यांत मला एक अनपेक्षित पाहुणी भेटली. ॲमी जॉन्सन. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी निघालेली, आणि तिने ते साधलं. असं उड्डाण करणारी ती पहिली स्त्री ठरली. ५ मेला ती क्रॉयडनहून निघाली आणि १० मेला कराचीला उतरली. तिचंही विमान जिप्सी मॉथ, म्हणजे ॲस्पी आणि जेआरडी यांच्याकडे होतं त्याच जातीचं. दुसऱ्याच दिवशी, ११ मेला, ॲस्पी आले. लागोपाठच्या दोन दिवसांत त्या एका विमानतळावर दोन नामांकित जिप्सी मॉथ! आणि त्या इंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग. म्हणजे एकेका विमानात आठ-आठ प्लग. त्यात ‘हा अमक्याचा’ असं ठरवायचं तरी कसं?

हे काकांना फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं ते हिरमुसतील. कसले हिरमुसतात! ‘म्हणजे ॲमी जॉन्सनचाही असू शकतो,’ असं म्हणून ते उलट खुलले. अशा तपासातला हा मोठा धोका आहे. एक नामांकित नाव डळमळीत झालं की माणूस लगेच दुसरं नामांकित नाव पकडतो. तिसरी, बिननावाची शक्यता कुणालाच नको असते.

आणि बिननावाच्या शक्यता कराचीत मुबलक होत्या. द्रिघ रोडला ब्रिटिश हवाई दलाचा मोठा डेपो होता, तिथे इंजिनं उघडून दुरुस्त होत. (टी. ई. लॉरेन्स, तोच अरबस्तानातला, नाव बदलून साधा एअरक्राफ्टमन म्हणून १९२७मध्ये तिथेच काम करत होता.) १९२९च्या वसंतापासून इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची टपालसेवा सुरू झाली होती. फ्लाइंग क्लबची विमानं होतीच. आणि १५ ऑक्टोबर १९३२ला खुद्द जेआरडींनी द्रिघ रोडवरून पस मॉथ उडवलं, अहमदाबादला इंधन भरलं आणि टपाल घेऊन दुपारी जुहूला उतरले. पुढे मद्रासपर्यंत ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. टाटांची टपालसेवा ती हीच. पुढे तिचीच एअर इंडिया झाली. हे घडलं तेव्हा अण्णा दाखल्याप्रमाणे विमानतळावर पक्के नोकरीला होते.

ही शेवटची तारीख मी वहीत दोनदा अधोरेखित केली. पण कागद इथे संपले होते. एक-दोन अभिलेखागारांना पत्रं लिहिली, उत्तरं सभ्य आणि तत्पर आली, अण्णांचं नाव कुठल्या यादीत सापडलं नाही. फिटरांची नावं याद्यांत सापडत नाहीत, हे एव्हाना माझ्याही लक्षात आलं होतं. जेआरडी स्वतः नंतर सांगत, की सुरुवातीला त्यांचा सगळा कारभार दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक एवढाच होता. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली गेली की हा सगळा लवाजमा पुण्याला, येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानावर हलायचा. वैमानिकांची नावं आपल्याला माहीत असतात. मेकॅनिक ‘तीन’ असतात.

राहिली आत्याआजी. आजोबांची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली, कराचीत जन्मलेली. फाळणीच्या वेळी चौदा वर्षांची. तिला आधी कुणी विचारलं कसं नाही, याचं मला नवल वाटलं. मग कळलं की घरातल्या पुरुषांच्या मते ‘बायकांना प्लगातलं काय कळणार’ होतं.

जाण्याआधी मी एक पथ्य ठरवलं होतं : जेआरडी, ॲस्पी, विमान यांतलं काहीही आपण होऊन बोलायचं नाही. साक्षीदाराच्या तोंडी शब्द घातले की तेच शब्द परत मिळतात. म्हणून आधी नुसतं कराचीचं घर विचारलं. ती सैल झाली. घरासमोरची ट्राम, क्लिफ्टनचा वारा, शाळेच्या वाटेवरचा बर्फगोळेवाला. मग म्हणाली, ‘अण्णा आम्हाला एकदा विमानतळ दाखवायला घेऊन गेले होते. तिथे एक शेड होती बघ, एवढी उंच की आत ढग अडकतील असं वाटायचं. अण्णा म्हणाले, हे ज्याच्यासाठी बांधलं ना, ते कधी आलंच नाही.’

माझ्या अंगावर काटा आला, कारण हे खरं होतं आणि ती कुठे वाचून सांगत नव्हती. आर-१०१ या अवाढव्य ब्रिटिश हवाई जहाजासाठी (विमान नव्हे, हलक्या वायूवर तरंगणारी एअरशिप) कराचीत ती शेड उभारली होती. ते जहाज कराचीकडे यायला निघालं आणि ५ ऑक्टोबर १९३०ला फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं. शेड तशीच रिकामी उभी राहिली. म्हणजे म्हातारीची स्मरणशक्ती भक्कम होती, आणि अण्णांनी मुलांना सांगितलेलं तिच्या डोक्यात जसंच्या तसं होतं.

आता मी पिशवीतून डबा काढला. काही न बोलता झाकण उघडलं. तिने फ्लॅनेल बाजूला केलं, प्लग हातात घेतला, अंगठ्याने फिरवला.

‘अगं, हा तर टपालाच्या विमानाचा,’ ती म्हणाली.

‘म्हणजे कुणाचा?’

‘कुणाचा म्हणजे? टपालाचं विमान असायचं ना टाटांचं, त्याचा. अण्णा खिशातून घेऊन आले होते. असे पुष्कळ बदलायचे म्हणे. दादा लहान होता, तो मागे लागला होता, मला विमान दाखवा, मला विमान दाखवा. म्हणून त्याला खेळायला आणून दिला.’

दादा म्हणजे माझे आजोबा. १९३२ला ते सहा वर्षांचे होते. आत्याआजीचा तेव्हा जन्मही नव्हता, म्हणजे हे तिने प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पुढे घरात ऐकलेलं. पण कराचीत असताना, अण्णा हयात असताना, त्यांच्याच तोंडून. मी मग ॲस्पी इंजिनियरांचं नाव काढलं. ‘ते दादाने नंतर काढलं,’ ती सहज म्हणाली. ‘अण्णा गेल्यावर.’

अण्णा १९५७ला गेले.

घरी येऊन डबा पुन्हा रिकामा केला. तळाशी घातलेला वर्तमानपत्राचा कागद आम्ही सगळ्यांनी आजवर नुसता अस्तर म्हणून पाहिला होता. उलटा करून पाहिला तर ते अस्तर नव्हतं, नीट कातरलेलं कात्रण होतं : एअर मार्शल ॲस्पी इंजिनियर यांची हवाई दलप्रमुख म्हणून नेमणूक. डिसेंबर १९६०. त्यात त्यांच्या तरुणपणच्या बक्षिसाचा एका ओळीत उल्लेख होता, कराचीचाही होता. अबूकीरचा आणि प्लगांचा नव्हता.

आता सगळं ओळीने लागत गेलं. कराचीत हा होता टपालाच्या विमानाचा प्लग. १९६०-६१च्या सुमारास, सांगणारा माणूस गेल्यावर आणि कराचीचा एक मुलगा हवाई दलाचा प्रमुख झाल्यावर, तो झाला ॲस्पींच्या विमानाचा. आणि जेआरडींनी प्लग दिल्याची हकिगत घरात कुणाच्या तरी वाचनात आली, तेव्हा तो झाला जेआरडींचा. माझा अंदाज १९८२ नंतर केव्हातरी. कारण त्या वर्षी १५ ऑक्टोबरला वयाच्या ७८व्या वर्षी जेआरडींनी लेपर्ड मॉथमधून कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखवलं आणि त्यांच्या जुन्या आठवणी सगळीकडे छापून आल्या. प्लगचा मालक प्रत्येक पिढीत एकेक पायरी वर चढत गेला. कुणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या ऐकण्यातल्या गोष्टीला आपल्या वाचनातली गोष्ट जोडली होती, एवढंच. आणि सगळ्यांत जुनी आवृत्ती होती सगळ्यांत साधी. म्हणूनच मला ती सगळ्यांत खरी वाटते. नसलेलं मोठेपण गोष्टीला चिकटवणारे खूप असतात, असलेलं काढून टाकणारा क्वचितच सापडतो.

आत्याआजीचं म्हणणं खरं धरलं, तर प्लग टाटांच्या पस मॉथमधला. त्याला जेआरडींचा हात लागला असेल का? पहिलं उड्डाण त्यांचं, हे खरं. पण पुढे आठवड्यामागून आठवडे ते टपाल मुख्यतः इतर वैमानिकांनी वाहिलं, आणि प्लग ही सतत बदलायची वस्तू. तो त्याच उड्डाणातला असण्याची शक्यता मी नगण्य मानते. लिलाववाल्याला मी तसं कळवलं. त्याने आभार मानले आणि पुन्हा फोन केला नाही.

काकांना सांगणं हे खरं कठीण काम होतं. मी सगळे कागद घेऊन गेले, दाखला, कात्रण, आडव्या टॉर्चचे फोटो. त्यांनी प्रत्येक कागद बाजूला सारला. ‘म्हातारीला काय आठवतंय,’ असं म्हणाले. शेडची गोष्ट सांगितल्यावर जरा थबकले. मग म्हणाले, ‘म्हणजे आता मी सुनांना काय सांगू? फेकायच्या सामानातला आहे म्हणून?’

‘पोराच्या हट्टासाठी बापाने आणलेला आहे, असं सांगा,’ मी म्हणाले. ते त्यांना पटलं नाही. मला मात्र अबूकीरच्या गोष्टीपेक्षा ही जास्त आवडते, पण आवडण्याचा आणि पुराव्याचा संबंध नाही. जास्त आवडते म्हणून मी तिच्याकडेही जरा संशयानेच बघते.

शेवटी तोडगा निघाला. डब्यात एक चिठ्ठी ठेवायची, माझ्या हस्ताक्षरात, आणि तिच्यात जेवढं पक्कं आहे तेवढंच लिहायचं : के.एल.जी. बनावटीचा, अभ्रकाचा, उघड्या टोकाचा स्पार्क प्लग, १९३०च्या आसपासचा, अण्णांकडून आलेला, अण्णा जून १९३१पासून कराची विमानतळावर फिटर, त्यांच्या मुलीच्या सांगण्यानुसार टाटांच्या टपालविमानातला. आणि काकांचं म्हणणं त्यांनी स्वतः वेगळ्या कागदावर, तारीख-सही करून लिहायचं, म्हणजे पुढच्या पिढीला दोन्ही वाचून ठरवता येईल. पॉलिश कायमचं बंद, हेही मी पदरात पाडून घेतलं.

काका लिहायला बसले. पहिलीच ओळ त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली : ‘माझ्या वडिलांनी मला १९६१ साली सांगितले, की हा प्लग ॲस्पी इंजिनियर यांच्या विमानाचा आहे.’

‘आणि जेआरडी?’ मी विचारलं.

पेन तसंच धरून ते बराच वेळ विचार करत राहिले. ‘ते वडील बोलले नव्हते,’ ते म्हणाले. ‘ते मी पुढे वाचलं.’ आणि तेही त्यांनी लिहिलं.